‘ब्रेन वेव्ह’ किट घेण्याआधी एका कानाने ऐकून बघा

जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात सध्या मंगल कार्यालयांमधून मेंदूच्या लहरींची ‘मोफत शिबिरं’ भरताहेत. पोरांचं अभ्यासात लक्ष लागेल, गोळीशिवाय झोप येईल, डोकं शांत राहील, असं पत्रक पेपरातून घरी येतं. आमच्या वहिनी बारावीतल्या पुतण्याला घेऊन अशाच एका शिबिराला गेल्या आणि 24 हजारांचं किट घेऊन परतल्या. एक हेडफोन, कपाळावर बांधायचा पट्टा आणि मोबाइलमधलं ॲप, एवढंच. माझा अमळनेरला मंडप-साउंडचा धंदा आहे. मेंदूतलं मला कळत नाही, पण आवाजातलं कळतं.

मूळ गोष्ट खोटी नाही, हे आधी सांगतो. डाव्या कानात 200 हर्ट्‌झचा आणि उजव्या कानात 210 हर्ट्‌झचा स्वर सोडला, तर सेकंदाला 10 वेळा थरथरणारा आवाज जाणवतो. तो हवेत नसतो. दोन्ही कानांकडून आलेलं मेंदूत एकत्र होतं, तिथे तो तयार होतो. याला बायनॉरल बीट म्हणतात. हाइनरिख डोव्ह नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं, आणि 1973 साली जेराल्ड ऑस्टर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या लेखाने ते सगळीकडे पोचलं. म्हणजे ही कुणाची गुप्त विद्या नाही. असे स्वर नेटवर फुकट मिळतात. ते ऐकून मेंदूच्या लहरी खरंच त्या ठेक्यावर येतात का, यावरचे 14 अभ्यास 2023 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एकत्र तपासले गेले. पाच बाजूने, आठ विरोधात, एक अधलंमधलं. कुणाला ऐकून बरं वाटत असेल तर खुशाल ऐकावं. पण ‘हमखास’ हा शब्द त्यात बसत नाही.

आता किटमधल्या आवाजाचं. हेडफोन कानाला लावला, थरथर ऐकू आली. मग डावा कप काढला. थरथर तशीच! इथेच गोम आहे. खरा बायनॉरल असता तर एका कानाला नुसता सरळ, एकसुरी ‘ऊं’ ऐकू यायला हवा होता. पुतण्याने ॲपमधली फाइल काढून दिली, ती मी ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. एका कानाचा चॅनल उलटा करून दुसऱ्या कानाच्या चॅनलमध्ये मिसळला, तर पडद्यावर सपाट रेघ. दोन्हीकडे तंतोतंत एकच आवाज असेल तरच असं होतं. थोडक्यात, थरथर आधीच मिसळून दोन्ही कानांना तेच भरलेलं, आणि खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात ‘बायनॉरल’. शंभर रुपयांच्या इयरफोननेही हे तपासता येतं.

पट्ट्याची गंमत याहून भारी. शिबिरात आधी माणसाला बोलतं करतात, डोळे उघडे ठेवून पट्ट्याने ‘ब्रेन मॅप’, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढतात आणि ‘अल्फा (मेंदूच्या लहरींचा एक प्रकार) फार कमी आहे, ताण आहे’ असा लाल रंगाचा रिपोर्ट हातात देतात. आई-बापाच्या पोटात गोळा येतो. मग डोळे मिटून हेडफोन लावायला सांगतात आणि हिरवा रिपोर्ट काढतात. पैसे परत मागायला मी त्यांच्या जळगावच्या ऑफिसात गेलो, तेव्हा काउंटरवरच्या पोराला म्हटलं, माझ्याही डोक्याला बांध, पण हेडफोनची पिन काढून ठेव. डोळे मिटून गप्प बसलो. अल्फाची रेघ वर गेलीच, आणि रिपोर्ट हिरवा! डोळे मिटले की अल्फा लहरी, म्हणजे 8 ते 13 हर्ट्‌झच्या, वाढतात. माणसाच्या मेंदूचा आलेख पहिल्यांदा काढणाऱ्या हान्स बर्गर यांनी 1929-30च्या सुमारासच हे मांडलं होतं. ते पोरगं हळूच म्हणालं, “दादा, माले बी दोन महिनापाईन पगार नही, भो.” त्याच्यावर काय चिडणार?

बोगस बियाणं निदान पाऊस पडला की उघडं पडतं. यांनी तीही सोय ठेवलेली नाही. फरक पडला नाही असं सांगितलं, की ‘तुमचे ऐकण्याचे तास पूर्ण नाहीत’ म्हणतात. तास त्यांच्याच ॲपात मोजले जातात, आणि ॲप मध्येच लॉग-आउट होतं.

खरा गळफास मात्र कर्जाचा. नाव नोंदवायचं म्हणून आधार, पॅन, फोटो आणि ओटीपी घेतला, आणि माझ्या भावाच्या, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या नावावर बिनव्याजी म्हणून सांगितलेलं कर्ज निघालं. वहिनींना ते हप्त्याचा मेसेज आल्यावर कळलं. डिजिटल कर्जात सुरुवातीला ‘कूलिंग-ऑफ’ मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांपुरतं व्याज भरलं की दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ही मुदत कर्जाच्या कागदात लिहिलेली असते. तो कागद कर्ज देणाऱ्या कंपनीने ईमेलवर धाडला होता, आणि तो ईमेल पत्ता शिबिरातल्या माणसाने स्वतःच बनवलेला! तुमच्याकडे असा मेसेज आला तर त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा. 30 दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते, आणि 2019च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. पत्रक, पावती आणि दोन्ही रंगांचे रिपोर्ट जपून ठेवा. आम्ही आयोगात केलेल्या तक्रारीला तेच जोडले आहेत.

आणखी एक. शिबिरात वहिनींना ‘बीपीची गोळी हळूहळू सुटेल’ असंही सांगितलं होतं. ती गोळी आम्ही बंद होऊ दिली नाही. झोपेची तक्रार महिनोन्‌महिने असेल तर डॉक्टरकडे जा, आणि घरात कुणाला फिट येत असतील तर असले प्रयोग विचारल्याशिवाय करूच नका.

आयोगाची तारीख अजून लागायची आहे, हप्ते चालू आहेत. परवा शिरपूरच्या एका ओळखीच्याने पत्रकाचा फोटो पाठवला. कंपनीचं नाव नवं, चित्रातला निळा मेंदू तोच. नाश्ता मोफत, आणि खाली बारीक अक्षरात आधार-पॅन सोबत आणण्याची सूचना.