शिंपल्यांच्या खाडीवर नजर: सूक्ष्मदर्शक की जनुकीय चाचणी?

खाडीत कालवं वाढवणाऱ्या बचत गटातल्या एका ताईंनी विचारलं, विषारी शैवाल ओळखायला सूक्ष्मदर्शक घ्यावा की पाण्याचे नमुने पीसीआरला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या जनुकीय चाचणीला, पाठवावेत? प्रश्न जिवाचा आहे. १९८३ साली मंगळूरजवळ कुंबळेच्या खाडीतले शिंपले खाऊन विषबाधा झाली, एक मुलगा दगावला. शैवालातून शिंपल्यांत उतरलेलं हे विष शिजवूनही जात नाही.

खर्च: सूक्ष्मदर्शक एकदाच घ्यायचा. पीसीआरला दर नमुन्यामागे पैसे, वर बर्फातून ने-आण.

वेळ: आयोडीन टाकलेलं पाणी रात्रभर निवळू द्यायचं, मग एकेक पेशी मोजायची, डोळे शिणतात. पीसीआरचा निकाल प्रयोगशाळेत काही तासांत, तोही एकदम अनेक नमुन्यांचा.

ओळख: खरा फरक इथेच. अलेक्झांड्रियम या सूक्ष्म शैवालाच्या विषारी आणि बिनविषारी जाती काचेखाली जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पीसीआर थेट सॅक्सिटॉक्सिन हे विष बनवणारं जनुक शोधते, पेशी मोजक्याच असल्या तरी. पण तिला विचाराल तेवढंच ती सांगते. अनपेक्षित पाहुणा सूक्ष्मदर्शकालाच दिसतो. शिवाय खाडीचा गाळ तिची क्रिया अडवू शकतो.

दर आठवड्याला पाणी बघायचं आणि गटात कुणी शिकायला तयार असेल, तर सूक्ष्मदर्शक घ्या. अलेक्झांड्रियमसारखं काही दिसलं किंवा आधी विषबाधा झालेली खाडी असेल, तर पीसीआर कराच. विक्रीचा निर्णय मात्र दोन्हींवर सोडू नका. त्यासाठी शिंपल्यांच्या मांसातलंच विष मोजून घ्या. मर्यादा किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम.