नवीन स्विफ्ट, ईएसपी आणि नुकतंच लायसन्स मिळालेलं पोरगं

ज्यांच्या घरात अठरा पूर्ण झालेलं पोरगं किंवा पोरगी आहे आणि त्यांच्या हातात द्यायला गाडी बघताय, त्यांच्यासाठी मुद्दाम हे लिहितेय. मायलेज, टचस्क्रीन, कलर यावर ढीगभर रिव्ह्यू आहेत, ते तिकडे बघा. मला फक्त एकाच गोष्टीबद्दल सविस्तर बोलायचंय, ती म्हणजे ईएसपी, गाडी घसरायला लागली की तिला आपोआप सावरणारी सिस्टिम, कोणी त्याला ईएससी म्हणतं, एकच ते. ते असलं की नवशिक्या पोराची काळजी मिटते का, की शेवटी हातच साफ पाहिजे, यावर आमच्या घरात गाडी घ्यायच्या आधीपासून वाद चालू होता आणि आता काही महिने गाडी वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय.

आम्ही घेतली मे २०२४ ला आलेली मारुतीची नवीन स्विफ्ट, व्हीएक्सआय व्हेरिएंट, मॅन्युअल. घेण्याचं मुख्य कारण हेच की ह्या मॉडेलला ईएसपी, सहा एअरबॅग, हिल होल्ड आणि पाचही सीटला तीन पॉइंटचे बेल्ट हे सगळं अगदी खालच्या एलएक्सआय पासून स्टँडर्ड आहे. लाँचला किंमत ६.४९ लाख एक्स शोरूम पासून होती, म्हणजे सेफ्टीसाठी टॉप मॉडेल घ्या ही सक्ती नाही, आणि ह्या बजेटमध्ये ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी ह्या साइजच्या बऱ्याचशा हॅचबॅकमध्ये ईएसपी टॉप व्हेरिएंटला सुद्धा नसायचं.

शोरूममध्ये (नाव घेत नाही) सेल्सवाल्या मुलाने मात्र माझ्या पोरासमोर सांगितलं की मॅडम ईएसपी आहे, घाटात कितीही पळवा गाडी हलणार नाही. मला राग आला तो इथे. समोर अठरा वर्षाचं पोरगं उभंय, त्याच्या डोक्यात हे एकदा बसलं की काढायला किती त्रास होतो ते आई-बापाला विचारा. आणि हे धडधडीत खोटं आहे.

ईएसपी नक्की करतं काय ते समजून घ्या, कारण हे न सांगताच गाडी विकली जाते. गाडीत सेन्सर असतात, एक बघतो तुम्ही स्टेअरिंग किती फिरवलंय, एक बघतो गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळतेय, बाकीचे चाकांचा स्पीड आणि बाजूला पडणारा जोर मोजतात. तुम्ही स्टेअरिंग वळवलंय पण गाडी सरळच चाललीय असं दिसलं की ते आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावतं, आणि गाडी मागून फेकली जायला लागली तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला, वर इंजिनची ताकद पण कमी करतं. एकाच चाकाला ब्रेक लावणं हे कुठल्याच ड्रायव्हरला जमत नाही, कितीही मुरलेला असो, कारण आपल्याला पॅडल एकच दिलंय. त्यामुळे ज्यांचं म्हणणं आहे की स्किल असलं की ईएसपी कशाला, त्यांना माझं हेच उत्तर आहे. पण दुसरी बाजू पण तेवढीच खरी, की टायरची रस्त्यावर जेवढी पकड आहे त्याच्यापेक्षा एक तसूभर जास्त पकड ईएसपी आणू शकत नाही. वळणावर लागणारी पकड स्पीडच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४० ऐवजी ६० ने तेच वळण घेतलं तर सव्वादोन पट पकड लागते. ओल्या रस्त्यावर तेवढी शिल्लकच नसेल तर सेन्सर काय करणार.

हे काही कालचं तंत्रज्ञान नाही. १९९५ ला मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांमध्ये बॉश कंपनीचं ईएसपी आलं, आणि १९९७ ला स्वीडनमध्ये एका मासिकाच्या टेस्टमध्ये, अचानक रस्त्यात हरीण आलं तर कशी वाचवाल अशी ती टेस्ट असते, त्यात मर्सिडीजची छोटी ए क्लास पलटी झाली. त्यानंतर कंपनीने त्या गाडीला ईएसपी स्टँडर्ड करून टाकलं. अमेरिकेत २०१२ मॉडेल इयरपासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नवीन कारना हे सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस ह्या रस्ते सुरक्षेच्या संस्थेच्या अभ्यासात एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात, म्हणजे दुसऱ्या कोणाला न धडकता गाडी रस्ता सोडून जाते तसे, साधारण निम्म्याने कमी झालेले दिसले. नवशिक्यांचे अपघात बरेचसे ह्याच प्रकारचे असतात, स्पीडचा अंदाज चुकला, वळणावर गाडी बाहेर गेली, घाबरून स्टेअरिंग उलटं ओढलं आणि गेली. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की पोराला ईएसपी नसलेली गाडी देऊ नका.

आता स्किलवाल्यांची बाजू. माझे धाकटे दीर गेली कित्येक वर्ष टुरिस्ट गाडी चालवतात, कोकण, गोवा, महाबळेश्वर सगळं पायाखालचं, आणि त्यांचं पहिल्यापासून एकच, "वहिनी, गाडी डोळ्याने चालते, बटणाने नाही." त्यांनीच पोराला खरं शिकवलं. कारण मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काय झालं तर हाफ क्लच, आठचा आकडा, रिव्हर्सचा एच, आणि झालं, टेस्ट पास. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याकडे पण क्लच-ब्रेक असतात, जरा काही झालं की तेच दाबतात, त्यामुळे लायसन्स हातात आलं तरी माझ्या पोराने आयुष्यात एकदाही जोरात ब्रेक मारलेला नव्हता. एकदाही! हे भाऊजींच्या लक्षात आलं, आमच्या नाही.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांच्या कारखान्याच्या आवारात, गेट बंद, आत कोणी नाही, नुकताच पाऊस पडून काँक्रीट ओलं, तिथे गाडी नेली. आधी साधा ब्रेक. भाऊजी म्हणाले, "चाळीसच्या स्पीडला आण आणि मी सांगितलं की पूर्ण ताकदीने दाब." पोराने दाबला आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम, चालू झाल्यावर पॅडल पायाखाली थडथड करायला लागलं, खालून करकर आवाज आला, तर त्याने दचकून पायच काढला. गाडी पुढे तशीच घरंगळत गेली. त्याला वाटलं काहीतरी तुटलं. भाऊजी ओरडले, "पाय काढू नको, दाब, अजून दाब, ते थडथडणारच!" हे परत परत केल्यावर त्याचा पाय टिकायला लागला, मग ब्रेक दाबलेला ठेवून स्टेअरिंग फिरवून समोरच्या रिकाम्या ड्रमच्या बाजूने काढायची. एबीएसचा खरा उपयोग तोच आहे, ब्रेक मारताना गाडी वळते. पण हे कोणी शिकवतंय का कुठे? रस्त्यावर पहिल्यांदा हा आवाज ऐकून त्याने पाय काढला असता तर काय झालं असतं, मला विचार पण करवत नाही.

मग ईएसपीची पाळी. तसंच चाळीसने यायचं आणि ड्रमच्या अलीकडे पटकन एका बाजूला घेऊन परत लाइनमध्ये. दोन-तीनदा नीट झालं, मग एकदा डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा, गाडी आणि तिच्यामागे नागमोडी रेघा असलेला, भराभर लुकलुकला, इंजिनचा आवाज दबला आणि गाडी एका बाजूला हलकीच ओढल्यासारखी होऊन सरळ झाली. मी मागे बसले होते, मला जेमतेम धक्का जाणवला. पोरगं खूश, "काका, गाडीने आपोआप ब्रेक मारला ना?" भाऊजी म्हणाले, "मारला. पण मी चाळीस सांगितले होते, तू पन्नासच्या वर आलास, ते कळलं का तुला?" त्याला कळलंच नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात हा सगळा विषय लख्ख झाला. गाडीने त्याला वाचवलं, पण स्पीड जास्त झालाय हे त्याला गाडीने शिकवलं नाही, उलट इतकं गुपचूप सांभाळून घेतलं की त्याला वाटलं आपण बरोबर चालवतोय. बाजूला बसलेल्या माणसाने सांगितलं म्हणून कळलं. तो दिवा लुकलुकला म्हणजे तुम्ही टायरच्या टोकाला गेला होतात, हा अर्थ पोरांना नीट समजावून द्या. आमच्या घरी आता नियम आहे, दिवा लागला तर कुठे, किती स्पीडला, रस्ता कसा होता ते घरी येऊन सांगायचं, कोणी रागावणार नाही.

ह्यावर काही जण म्हणतील मग स्किड कंट्रोलचा कोर्सच लावा ना, गाडी घसरवून सावरायला शिकवतात तसा. मला पण आधी तेच वाटत होतं. पण नॉर्वेत १९८० च्या दशकात नवशिक्यांना निसरड्या ट्रॅकवर असं शिकवलं तर तरुण मुलांचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले आढळले. कारण समजण्यासारखं आहे, एक दिवस ट्रॅकवर गाडी सावरली की पोराला वाटतं आपल्याला जमतं, हातात कौशल्य तेवढं येत नाही पण हिंमत येते आणि मग पावसात स्पीड कमी करायचं सुचत नाही. म्हणून भाऊजींनी सावरण्याच्या करामती अजिबात शिकवल्या नाहीत, त्या कामाला ईएसपी आहे. शिकवलं काय तर वळण दिसायच्या आधी गिअर खाली, ब्रेक सरळ रस्त्यावर असतानाच, वळणात फक्त स्टेअरिंग, आणि नजर जिथे जायचंय तिथे, खड्ड्याकडे किंवा समोरच्या ट्रककडे नाही. पुढच्या गाडीपासून अंतर. उतारावर न्यूट्रल कधीच नाही.

ह्या शेवटच्या गोष्टीवर आमच्याकडे फार जोर आहे कारण आम्ही राहतो पुण्यात आणि कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंतचा तो सलग उतार, तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेली अवजड वाहनं कशी येतात ते इथल्या सगळ्यांना माहितीये. तिथे तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकचे ब्रेक गेले तर तुमच्या ईएसपीचा काडीचा उपयोग नाही, आरसा बघायची सवय आणि कुठल्या लेनमध्ये राहायचं हे डोकं, तेच कामाला येतं. साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा संपला की ते एस वळण, तिथे पण आधी स्पीड कमी करून आलात तरच पुढचं सगळं ठीक. पोराने तिथून पहिल्यांदा गाडी आणली तेव्हा भाऊजी बाजूला होते आणि तो बोगद्यातच तिसऱ्या गिअरला आला, न सांगता. मला किती बरं वाटलं.

गाडीबद्दल थोडं. क्लच हलका, गाडी छोटी आणि पटकन वळते, नवशिक्याला बाहेरचा अंदाज लवकर येतो. इंजिन तीन सिलिंडरचं, ८२ पीएसच्या आसपास, आणि पोरासाठी मला ते अगदी योग्य वाटतं, ह्याच्यापेक्षा जास्त ताकद अठराव्या वर्षी नकोच. हिल होल्डमुळे चढावर सिग्नलला गाडी मागे जायची भीती गेली. एकच गोष्ट, खालच्या व्हेरिएंटना १६५ मिमी रुंदीचे टायर आहेत आणि वरच्या झेडएक्सआयला १८५ चे, बजेट असेल तर नवशिक्यासाठी मी रुंद टायरवाली घ्या म्हणेन. आणि टायर कुठलेही असोत, हवा आणि नक्षी बघत राहा, कायद्याने नक्षीची खोली १.६ मिमी पर्यंत चालते पण पावसाळ्यात तेवढ्यावर भरवसा ठेवू नका, पाण्यावर टायर तरंगला की ब्रेक, एबीएस, ईएसपी सगळं एकाच वेळी निरुपयोगी. ईएसपी ऑफचं बटण आहे ते चिखलात चाक नुसतंच फिरत असेल तेव्हापुरतं, मित्रांना दाखवायला नाही, हे पण पोरांना पहिल्याच दिवशी सांगा.

आणखी एक, न्यूझीलंडने १९८७ पासूनच नवशिक्यांना टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायला सुरुवात केली, सुरुवातीला रात्री एकट्याने नाही, मित्र बसवून नाही. आपल्याकडे लर्निंगनंतर ३० दिवसांनी टेस्ट, पक्कं मिळालं की त्याच रात्री चार मित्र घालून लोणावळ्याला जायला मोकळा. कायदा थांबवत नाही म्हणून आम्हीच घरात ते नियम केले, सुरुवातीचे महिने मित्र गाडीत नाहीत आणि अंधार पडल्यावर मोठं माणूस बाजूला. भांडणं झाली, अजून होतात, मी हटणार नाही. आणि अठराच्या आत तर विषयच नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. सेकंड हँड बघणाऱ्यांसाठी, इग्निशन ऑन केल्यावर तो नागमोडी रेघांचा पिवळा दिवा काही सेकंद लागून विझतो का ते बघा. लागतच नसेल तर बहुतेक त्या गाडीत ईएसपी नाही, किंवा दिवा काढून टाकलाय. लागून तसाच राहिला तर सिस्टिम बिघडलीय. जुन्यात फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआय सारख्या मोजक्या गाड्यांना ईएसपी मिळतं, पण ती गाडी नवशिक्यासाठी फार पळते, त्यापेक्षा स्विफ्टचं हे नवीन मॉडेलच वापरलेलं मिळालं तर बघा.