आर्वीतलं बिनबोर्डाचं सायकल दुकान: मागच्या हबचं काम करायचं असेल तर जा, पण सकाळी जा

दुकानाला नाव नाही, बोर्ड नाही. टिनाचं शेड, बाहेर टांगलेले टायर आणि पंक्चर पाहायचं काळं पडलेलं घमेलं, एवढीच खूण. मी रोज सकाळी सात किलोमीटरवरून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला दूध घेऊन येतो. कॅरियरला दोन बाजूनं दोन कॅन, तीस लिटर दूध, कॅनचं वजन वेगळं, वरून मी. एवढं सगळं मागच्या चाकाच्या हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधोमध आस जाते त्या नळीतल्या, अठरा बारीक लोखंडी छर्‍यांवर चालते हे मले या दुकानात बसेपर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

सायकल ॲटलास, बाबांची. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 2020 मध्ये बंद पडला तेव्हा वाटलं आता पार्ट कुठून आणायचे, पण या काळ्या चोवीस नंबरी सायकलींचं बरं असते, कोन (आसवर बसून छर्रे धरणारा निमुळता नट), छर्रे, आस सगळं कोणत्याही कंपनीचं एकमेकांत बसते.

तर झालं असं की पोळ्याच्या दिवशी बैल धुता धुता मी सायकलही शेतातल्या मोटरच्या पाईपनं धुतली, चिखल लय होता, पाईपचं तोंड दाबून थेट हबवरच धार मारली. चकाचक झाली. महिन्याभरात मागून घर्र घर्र सुरू. चेनला तेल टाकलं, फरक नाही. उतारावर पायडल थांबवून पाहिलं तरी घर्र घर्र चालूच, म्हणजे चेनचा आवाज नव्हता. दिवाळीच्या आधी दुसर्‍या एका दुकानात दिली, नाव घेत नाही, त्यानं ओव्हराइलचे, म्हणजे सगळं खोलून साफ करायचे, अडीचशे घेतले आणि संध्याकाळी पुसून पासून परत दिली. आवाज दबला होता म्हणून मीही खूश.

मग डिसेंबर आला. पहाटे साडेपाचला थंडीत निघालो आणि नाल्याच्या चढावर पायडल खाली गेलं ते गेलंच, रिकामं! चाक जागेवर, पाय गरागरा. दोन्ही कॅन घेऊन सायकल एका बाजूला झुकली, कशीबशी धरली, तरी एका कॅनचं झाकण उडून दोनेक लिटर दूध रस्त्यावर. ऊन पडल्यावर पायडल आपोआप धरायला लागलं. दुसर्‍या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

मग या बिनबोर्डाच्या दुकानात आलो. इथल्या मिस्त्रीकाकांनी चाक उचलून फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या चाकाच्या चेन बसते त्या दातेरी चक्रावर, नुसतं बोट फिरवलं न् म्हणाले, "ग्रीस कोनं भरलं गा याच्यात?" मग समजावून सांगितलं, ते मले पटलं. फ्रीव्हीलच्या आत दोन बारीक खटके असतात, त्यांना कुत्रे म्हणतात, पातळ स्प्रिंगवर उभे, ते दात्यात अडकले तरच पायडल चाक ओढते. ग्रीस थंडीत घट्ट झालं की कुत्रे झोपून राहतात, उठतच नाहीत. "हबले ग्रीस, फ्रीव्हीलले पातळ तेल. उलटं केलं का दोन्ही मरते." खोबरेल टाकणार्‍यांवर तर त्यांचा वेगळाच राग हाय, हिवाळ्यात बाटलीत गोठते ते फ्रीव्हीलमध्ये गोठणार नाही का म्हणे.

आणि सगळं समोर बसवून करतात, हे मले सगळ्यात आवडलं. चेनकव्हर, कॅरियर, स्टँड, मडगार्डची तार असं एकेक सोडवत चाक काढलं, डाव्या बाजूचा कोन खोलला आणि आस ओढली तर आतून जे निघालं ते ग्रीस नव्हतं, फाटलेल्या दुधासारखं मळकट पाणी. "बैलासंग धुतली वाटते," काका माझ्याकडे न पाहताच बोलले. मी गप. पहिल्या दुकानवाल्यानं हब खोललंच नव्हतं हे तिथंच कळलं, फ्रीव्हीलमध्ये ग्रीस कोंबून अडीचशे रुपये नुसते पुसायचे घेतले होते.

छर्रे डिझेलमध्ये धुऊन तळहातावर पसरले. पाव इंची, एका बाजूचे नऊ, दुसर्‍या बाजूचे नऊ. चारपाच मळके दिसत होते, बाकी चमकत होते, मी म्हटलं तेवढेच बदला. नाही म्हणाले. जुना छर्रा केसभर झिजलेला असते, नवा त्याच्यात टाकला की सगळं वजन नव्यावरच येते. कोनवर नख फिरवायला लावलं मले, एका जागी नख अडकलं, तिथं खड्डा. हबमध्ये छर्रे बसतात त्या वाटीवर मात्र नख सरसर गेलं. वाटी गेली असती तर अख्खं हब बदलून चाळीसच्या चाळीस तारा पुन्हा गुंफाव्या लागल्या असत्या, ते सांगून जास्तीचे पैसे काढता आले असते. नाही काढले.

ग्रीस ट्रॅक्टरच्या डब्यातलंच. वाटीत भरून छर्रे एकेक चिकटवले. फ्रीव्हील डिझेलनं आडवं धरून धुतलं, काळं पाणी थांबेपर्यंत, मग शिलाई मशीनचं तेल फटीत थेंब थेंब सोडत फिरवत राहिले, टिकटिक मोकळी झाली. कोन कसताना तीनदा सैल केला, तीनदा आवळला, कारण शेवटी नट कसला की कोन अजून थोडा दाबला जाते. चाक बसवून सोडून दिलं तर व्हॉल्व्ह आपोआप खाली येऊन झोक्यासारखा मागेपुढे डुलला आणि मग थांबला. "हे पाय, असं झालं पायजे." कोनजोड, छर्रे, मजुरी मिळून दोनशे दहा.

आता तक्रारी. सांगितला अर्धा तास, लागले अडीच, त्यात दोनदा चहा आणि एकदा कापसाच्या भावावर भाषण. बसायला एकच स्टूल, त्याच्यावर काकांचा रेडिओ. घरी आल्यावर कॅरियर खडखडायला लागलं, पाहतो तर एक वॉशर लावायचाच राहिला होता, दुसर्‍या दिवशी लावून दिला, पैसे नाही घेतले पण चूकही मानली नाही, "कॅरियरच जुनं हाय तुमचं". गियरवाली सायकल घेऊन गेलात तर तोंडावर नाही म्हणतील, ती हत्यारं त्यांच्याकडे नाहीत.

दोन महिने झाले, तीस लिटर रोज, चाकाचा आवाज नाही. दहाच्या आत पोचा. चारनंतर शाळा सुटली की मानव विकासच्या (सरकारी योजनेत शाळेच्या मुलींना मिळालेल्या) सायकलीवाल्या पोरींची पंक्चरची रांग लागते, मग काका हबला हात लावत नाहीत.