कळसूत्री सम्राटाच्या मागावर: हनानमधल्या दोन दिवसांच्या गाईड सेवेबद्दल

चीनच्या हनान प्रांतात तीन राज्यांच्या काळातल्या (हान साम्राज्य मोडून त्याचे तीन तुकडे झाले तो काळ) जागा बघायला गेलं की सगळे तुम्हाला त्साओ त्साओ या सेनापती-मंत्र्याच्या नावाने फिरवतात. शूचांगमध्ये वाडा त्याचा, आन्यांगमध्ये कबर त्याची. झेंगझोऊ या प्रांताच्या राजधानीहून मी घेतलेल्या या खासगी सेवेने मात्र दोन्ही दिवस ज्याच्या नावावर त्याने राज्य चालवलं, त्या हान घराण्याच्या शेवटच्या सम्राट श्यानची गोष्ट सांगितली. पाचपैकी पाच तारे मी त्यासाठीच देतेय.

माझी सगळी नोकरी बँकेच्या ऑडिटमध्ये गेली. सही कोणाची आणि शिक्का कोणाच्या ताब्यात, हे आधी बघायची सवय अजून सुटलेली नाही. म्हणून बुकिंग करतानाच कळवलं होतं की लढायांचं वर्णन थोडक्यात आटपा, पण सम्राटाच्या नावाने निघणारे हुकूम प्रत्यक्षात कोण काढत होतं ते नीट सांगा. गाईड बाईंनी ते फार मनावर घेतलं.

शूचांगला पोचेपर्यंत गाडीतच पूर्वपीठिका झाली. 189 साली दोंग च्वो या सेनापतीने गादीवरच्या मुलाला उतरवून त्याच्या धाकट्या सावत्र भावाला बसवलं. तोच हा श्यान, जेमतेम आठ वर्षांचा. पुढच्या वर्षी लुओयांग जाळून राजधानी छांगआनला हलवली गेली. 192 मध्ये दोंग च्वो मारला गेला, पण त्याचेच सरदार आपसात भांडू लागले आणि 195 साली एकाने सम्राटाला डांबलं, तर दुसऱ्याने मंत्र्यांना. तिथून निसटून सम्राट लुओयांगला परतला तेव्हा खायला अन्न नव्हतं. दरबारातले अधिकारी रानभाज्या वेचायला स्वतः बाहेर जात होते आणि त्यातले काही पडक्या भिंतींच्या आडोशाला उपासमारीने मेले. हे सांगताना बाईंनी आवाज चढवला नाही की नाट्य केलं नाही. मी मात्र बराच वेळ काही बोलू शकले नाही.

शहरातला त्साओचा वाडा नव्याने बांधलेला आहे, तो आम्ही भराभर उरकला. खरा वेळ दिला तो पूर्वेकडच्या जुन्या राजधानीच्या जागेला. 196 साली त्साओ त्साओने सम्राटाला आणलं ते इथे. आज हा भाग ज्या जिल्ह्यात येतो त्याचं नाव जिआनआन, म्हणजे याच सम्राटाच्या कारकिर्दीचं, 196 ते 220 या काळाचं नाव. एक मातीचा उंच चौथरा शिल्लक आहे. सम्राट तिथे स्वर्गाची पूजा करायचा, असं परंपरेने मानतात. त्यावर उभं राहून बाईंनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

पहिली गोष्ट धान्य. त्याच वर्षी त्साओने शूच्या, म्हणजे या राजधानीच्या, आसपास पडीक जमिनी कसायला लावल्या आणि पहिल्याच हंगामात दहा लाख हू (धान्याचं तेव्हाचं माप) धान्य निघालं. उपाशी दरबाराला जो जेवू घालतो, त्याला नाही कोण म्हणणार? मग कागद. सम्राटाकडे येणारी-जाणारी कागदपत्रं ज्या सचिवालयातून फिरत, तिथे त्साओने आपला माणूस शुन यू बसवला. आणि दरवाजा. राजवाड्यावरचे पहारेकरी एकूण एक त्साओच्या पक्षातले किंवा सोयऱ्यांतले. सम्राट तरुण होता, हुशार होता, पण त्याला भेटायला कोण आत जाणार हेसुद्धा त्याच्या हातात नव्हतं.

इथेच त्यांनी नंतरच्या हान घराण्याच्या इतिहासग्रंथात नोंदलेला तो प्रसंग सांगितला. त्साओ एकदा कामासाठी दरबारात आला. सम्राटाचा संयम सुटला. मला साथ द्यायची असेल तर नीट द्या, नसेल तर उपकार करून मला सोडून द्या, असं तो तोंडावर म्हणाला. फौज ताब्यात असलेला मंत्री भेटीला आला की उघडी पाती घेतलेले पहारेकरी त्याच्या दोन्ही बाजूंना असत, असा जुना रिवाज होता. त्साओ बाहेर आला तो घामाने भिजून, आणि त्यानंतर भेटीला जायचंच त्याने बंद केलं. तलवारी त्याच्याच माणसांच्या हातात होत्या, तरी तो घाबरला. कठपुतळी म्हणून ज्याला आपण सोडून देतो त्या माणसाच्या नावात केवढी ताकद उरली होती, हे मला त्या चौथऱ्यावर कळलं.

श्यानच्या राणी फूचं काय झालं तेही तिथेच ऐकलं. त्साओविरुद्ध वडिलांना लिहिलेलं तिचं जुनं पत्र उघडकीला आलं आणि 214 मध्ये तिला अनवाणी ओढत नेलं. वाचवा म्हणाली, तर सम्राटाने उत्तर दिलं, माझा जीव कधी जाईल हे मलाही ठाऊक नाही. पुढच्या वर्षी त्साओची मुलगी राणी झाली.

दुपारी फानछंग. या गावासाठी तरी ही सेवा घ्याच. 220 साली श्यानने त्साओच्या मुलाला, त्साओ फीला, गादी सोडली ती इथे. चौथऱ्याची टेकडी आहे आणि त्या वेळचे दोन शिलालेख आहेत. एकावर मंत्र्यांनी त्साओ फीला केलेली, सम्राटपद स्वीकारा अशी विनंती, दुसऱ्यावर पदग्रहणाचा वृत्तांत. बाईंनी छोट्या टॉर्चचा उजेड तिरका पाडून झिजलेली अक्षरं एकेक करून दाखवली. सम्राटाने गादी देऊ केली, त्साओ फीने नाकारली, पुन्हा देऊ केली, पुन्हा नाकारली, हे सगळं रीतसर झालं. फौज हातात असताना एवढा सोपस्कार कशासाठी, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, चोवीस वर्षं प्रत्येक हुकूम याच्या नावाने काढला, मग शेवटचा हुकूम दुसऱ्या कोणाच्या नावाने कसा निघेल? हे उत्तर मला फार पटलं.

दुसऱ्या दिवशी आन्यांगजवळचं, 2023 मध्ये उघडलेलं त्साओच्या कबरीचं संग्रहालय. कबरीत सापडलेल्या दगडी पट्ट्यांवर आत ठेवलेल्या वस्तूंची नोंद आहे, अगदी दोन शंग (तेव्हाचं एक लहान माप) सोयाबीनपर्यंत. एका पट्टीवर वाघ मारायच्या भाल्याचा मालक म्हणून ‘वेईचा वू राजा’, म्हणजे त्साओ, असं कोरलंय. राजा, सम्राट नव्हे. मरेपर्यंत कागदोपत्री तो हान सम्राटाचा चाकरच राहिला, सम्राट ही पदवी मुलाने नंतर दिली. इथे मात्र वेळ कमी पडला. परतीची रेल्वे लवकरची काढलेली होती, त्यामुळे पट्ट्यांची दोन कपाटं घाईत बघावी लागली. बुकिंग करताना संध्याकाळची गाडी मागून घ्या.

बाकी व्यवस्था चांगली. बाईंचं इंग्रजी स्पष्ट आहे. पासपोर्ट जवळ ठेवा. आधीच अलीपे या मोबाईलवरून पैसे देण्याच्या ॲपला कार्ड जोडून ठेवा, खेडेगावातल्या चहाच्या टपरीवरही मोबाईलनेच पैसे घेतात. शाकाहारी असाल तर आधी सांगा, इकडचं प्रसिद्ध नूडल्सचं सूप मटणाच्या रश्शात करतात.

एकच मागणी आहे. गादी सोडल्यावर श्यानला शानयांगचा सरदार केलं गेलं. तो आणखी चौदा वर्षं जगला आणि 234 मध्ये वारला. त्याची समाधी शिउवू तालुक्यात आहे, झेंगझोऊहून फार लांब नाही, पण या पॅकेजमध्ये ती नाही. मी तसं कळवलं तेव्हा तिसरा दिवस जोडून देता येईल असं उत्तर आलं. तुम्ही बुकिंग करत असाल तर तो दिवस मागूनच घ्या.