दहावीचं विज्ञान: सीमेच्या अलीकडचं आणि पलीकडचं

बेळगावात मराठी माध्यमात शिकणारा मुलगा आणि चंदगडला शिकणारा त्याचा मामेभाऊ दिवाळीत भेटले की दप्तरं उघडतात. बेळगावच्याचं पुस्तक केंद्राच्या एनसीईआरटीच्या आधाराचं, चंदगडच्याचं महाराष्ट्राच्या बालभारतीचं.

नव्या तंत्रज्ञानात बालभारती मला उजवं वाटतं. 2018 साली आलेल्या तिच्या पुस्तकात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ असं अख्खं प्रकरण आहे. झोतयंत्र (टर्बाइन) फिरवणारी वाफ असो, पाणी असो की वारा, जनित्र तेच, हे त्यात टप्प्याटप्प्याने उलगडतं. सौर घटाचंही तसंच: सिलिकॉनचा एक घट जेमतेम 0.5 व्होल्ट देतो, एकसर जोडणीत व्होल्ट वाढतात, समांतर जोडणीत विद्युतधारा. शेतातल्या सौर पंपाचं पॅनेल असं का जोडलंय, हे पोराला वाचूनच कळतं.

एनसीईआरटीची ताकद वेगळी. आधी कृती, मग नियम. पाया पक्का होतो. पण 2022 च्या काटछाटीत दहावीतून ‘ऊर्जेचे स्रोत’ हे प्रकरण गेलं, विद्युत जनित्रही गेलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. सौंदत्तीच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना आमची मुलं बसमधून बघतात. त्या पवनचक्क्यांच्या पोटात काय फिरतं, हे पुस्तकानं सांगायला हवं होतं.

बालभारतीत अवकाश मोहिमा, जैवतंत्रज्ञानही आहे, मात्र तिथे माहितीच फार, करून बघायला थोडं.

माझ्या घरी मी कृतींसाठी इकडचं, बेळगावचं आणि ऊर्जेसाठी चंदगडचं पुस्तक ठेवलंय. भाषा एकच, त्यामुळे अडत नाही.