योगनिद्रा की मोजून श्वास? पार्किन्सन्सच्या शुभंकरांसाठी

घरात पार्किन्सन्सचा पेशंट आहे आणि स्वतःचं डोकं ठिकाणावर ठेवायला योगनिद्रा, विपश्यना, माइंडफुलनेस यातलं नेमकं काय धरावं असा प्रश्न पडला असेल तर माझा अनुभव सांगतो, गेली सहा वर्षं आईला सांभाळताना मी हे सगळं थोडं थोडं करून बघितलंय. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, मला ते शब्द फार आवडतात म्हणून तेच वापरतो. मांडी कशी घालायची, पाठ ताठ कशी ठेवायची वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात जात नाही.

विपश्यनेचं आधी सांगून टाकतो. इगतपुरीला धम्मगिरीत मी दहा दिवसांचं शिबिर केलंय, पण ते आई धडधाकट असताना. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघत बसायचं, ते तीन दिवस मला आजही उपयोगी पडतात. फी काही नसते. पण दहा दिवस फोन जमा, आर्य मौन, आणि घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा म्हणतात, ते शुभंकराला कुठून जमणार? भाऊ-बहीण येऊन राहणारे असतील तर जरूर जा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्सही चांगलाच आहे, पण त्यात बॉडी स्कॅन (अंगाच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेणं) वगैरे धरून रोज पाऊण तासाचा सराव असतो आणि तो पाऊण तास आमच्याकडे सलग कधी मिळालाच नाही.

म्हणजे उरले दोन. योगनिद्रा आणि मोजून श्वास.

योगनिद्रेची बाजू आधी मांडतो, कारण तिने मला पहिलं वर्ष तारलं. आई झोपेत ओरडते, हातपाय झाडते, स्वप्नात कुणाशी तरी भांडत असते, या आजारात हे बऱ्याच जणांना होतं, आणि शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्याची झोप रोज तीन-चार वेळा मोडते. अशा वेळी दुपारी अर्धा तास आडवं होऊन कानात रेकॉर्डिंगमधला तो शांत आवाज एकेका अवयवाकडे लक्ष न्यायला सांगतो, उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट... खांदे आपोआप सैल पडतात. शिकायचं काहीच नाही, फोन लावला की झालं. थकव्यावर याच्यासारखं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही.

अडचण आली ती कानाची. पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक होत जातो आणि बोलणाऱ्याला मात्र आपण नेहमीसारखंच बोलतोय असं वाटतं. एका रात्री मी इअरफोन लावून योगनिद्रा करता करता झोपून गेलो. उठून बघतो तर आई कॉटच्या कडेला अर्धी घसरलेली, एका हाताने चादर घट्ट धरलेली, कपडे ओले. मला म्हणाली, "अरे, किती हाका मारल्या तुला." तिने मारल्याच होत्या. त्यानंतर इअरफोन काढून फोन उशाशी लावून बघितला, पण मग अर्धं लक्ष आईकडेच राहायचं, अंग सैल व्हायच्या जागी आणखी आवळलं जायचं. घंटी, बेबी मॉनिटर असे उपाय आहेत, तुमच्याकडे चालतीलही, माझ्या मनातून मात्र ती चादर जात नाही.

मोजून श्वास म्हणजे चार आकडे घेताना, सहा आकडे सोडताना, बस. सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात म्हणून सोडणं लांब ठेवायचं. डोळे उघडे, कान उघडे, उभ्याउभ्या होतं, भाजी चिरताना होतं. (भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडणं, आई आणि मी मिळून करतो, तिला आवडते, पण गुंजारवात बाहेरचं ऐकू येत नाही म्हणून एकटा असताना नाही करत.) खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन आठवडे काहीच जाणवलं नाही, योगनिद्रेसारखा लगेच आराम यात नाही, आणि रात्रीची गेलेली झोप यातून भरून निघत नाही.

पण माझ्यासाठी पारडं झुकलं ते बाथरूमच्या दारात. आईचे पाय उंबऱ्याशी येऊन जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात, आणि मागून "चल ना आई, उचल ना पाय" अशी घाई केली की जास्तच चिकटतात. पाऊल टाकायला डोळ्यांना खूण मिळावी म्हणून आम्ही तिथे जमिनीवर लाल टेपच्या पट्ट्या मारल्यात. आता मी तिच्या बाजूला उभा राहून आधी स्वतःचा एक श्वास लांब सोडतो आणि मग त्याच लयीत मोठ्याने एक... दोन... म्हणतो, ती "एक"ला पट्टी ओलांडते. नेहमी जमतं असं नाही. पण माझा आवाज चढलेला नसला की जास्त वेळा जमतं, एवढं मी खात्रीने सांगतो.

घरात दुसरं माणूस असेल, रात्रीची बाई असेल, तर योगनिद्राच आधी घ्या, मी आडवा येणार नाही, माझी बहीण रविवारी दुपारी येते तेव्हा मीही दार लावून तीच करतो. एकटे असाल तर मात्र मोजून श्वास. सरावासाठी वेगळा वेळ काढू नका, सकाळची गोळी दिल्यावर ती लागू व्हायला आमच्याकडे अर्धा-पाऊण तास जातो, तेवढा वेळ आई खुर्चीत बसून असते आणि मी तिच्याशेजारी, तिचा थरथरणारा हात माझ्या हातात, चार घेताना, सहा सोडताना.