‘तुमच्या खिशातून एक रुपया जाणार नाही’: गाडीच्या क्लेममध्ये झालेली माझी फसवणूक

देवगड तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमची हापूसची बाग आहे. डांबरी रस्ता सुटला की पुढे दीड किलोमीटर पाणंद. खाली उघडा जांभा, मध्ये एक व्हाळ (ओढा), दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती. पावसाळ्यात तिथे साधी गाडी चालत नाही, म्हणून मार्च 2021 मध्ये कर्ज काढून थार घेतली, डिझेल, फोर बाय फोर. खताच्या गोण्या, आंब्याच्या पेट्या, गडीमाणसं, सगळं त्याच गाडीतून जातं.

जुलै 2024 मध्ये खत घेऊन जात होतो. व्हाळ ओलांडून चढ घेताना मागचं चाक शेवाळावरून सरकलं आणि गाडी डाव्या अंगाने गडग्याला घासत आठ-दहा फूट गेली. उतरून पाहिलं तर दाराला तळहाताएवढा पोचा, मडगार्डवर तीन लांब ओरखडे आणि चढायची पायरी तुटून एका बोल्टवर लोंबत होती. पत्रा कुठे फाटला नव्हता. दिवे शाबूत होते. भावाला दाखवायला म्हणून मी पावसातच मोबाइलवर चार फोटो काढले.

तळेऱ्याच्या ओळखीच्या टिनकरला, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्याला, गाडी दाखवली. त्याने बोट फिरवून पोचा चाचपला आणि हिशोब सांगितला: पायरी 6,000, पत्रा काढायची मजुरी 4,000, रंग 6,000. एकूण 16,000 रुपये आणि चार दिवस. मी त्याला हो म्हणणारच होतो. त्याच संध्याकाळी माझी पॉलिसी काढून देणाऱ्या एजंटचा फोन आला. ‘दरवर्षी एवढा हप्ता भरता तो कशासाठी? क्लेम करा की!’ त्याने हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजचा नंबर दिला. कॅशलेस होईल म्हणाला, म्हणजे बिलाचे पैसे कंपनी थेट गॅरेजला देणार.

गॅरेजमध्ये काउंटरवर एक तरुण मुलगा होता. गोड बोलणारा, आपल्याच भाषेत बोलणारा. ‘काका, तुम्ही टेन्शन घेव नकात. तुमच्या खिशातसून एक रुपयो जाऊचो नाय.’ त्याने आरसी, लायसन्स आणि पॉलिसीच्या झेरॉक्स घेतल्या आणि क्लेम फॉर्म पुढे सरकवला. फॉर्म कोरा होता. ‘खाली सही करा, बाकी आम्ही भरतो, रोजचंच काम आहे आमचं.’ मी तीन ठिकाणी सह्या केल्या. फॉर्मवर माझ्या हातचं काय होतं तर तेवढंच.

एक गोष्ट इथेच कबूल करतो. पुढच्या बंपरला फेब्रुवारीत दगड लागून एक चीर गेली होती. मी विचारलं, ‘ते पण यात बसेल का?’ तो म्हणाला, बसवू. खरं तर प्रत्येक अपघाताचा क्लेम वेगळा असतो. जुनं लागलेलं नव्या क्लेममध्ये घुसवणं हा खोटेपणाच आहे. तो प्रश्न मी विचारायला नको होता. तो विचारला तिथेच त्या मुलाला कळलं असणार की हा माणूस पुढचं काही तपासणार नाही.

चोवीस दिवसांनी गाडी मिळाली. रंग आरशासारखा दिसत होता. गाडी घेताना मात्र काउंटरवर 9,500 रुपये मागितले. फाइल चार्ज आणि डेप्रिसिएशनचा (भागांच्या झिजेपोटी कंपनी कापते त्या रकमेचा) तुमचा हिस्सा, म्हणे. पाऊस लागून राहिला होता, बागेतली कामं तटली होती. रोख दिले. पावती मागितली तर ‘बिल कंपनीला गेलंय’ असं उत्तर मिळालं, आणि मी ते ऐकून घेतलं.

मार्च 2025 मध्ये पॉलिसी रिन्यू करायला गेलो तेव्हा पहिला धक्का बसला. हा हिशोब मला आधी कुणी सांगितला असता तर मी त्या गॅरेजची पायरीच चढलो नसतो, म्हणून तो नीट मांडतो.

क्लेम न केल्याबद्दल जी सूट मिळते तिला एनसीबी म्हणतात. ती फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नसते. एक वर्ष क्लेम नाही तर 20 टक्के, मग 25, 35, 45, आणि पाच वर्षांनी 50 टक्के. तिथे ती थांबते. एनसीबी राखण्याचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर एक क्लेम केला की सगळी सूट शून्यावर येते. क्लेम 5,000 चा असो की 5 लाखांचा.

माझी तेव्हा 35 टक्के सूट चालू होती, मार्चमध्ये 45 होणार होती. ती शून्य झाली. पुढच्या वर्षी 50 मिळाली असती तिथे 20. मग 50 च्या जागी 25, नंतर 35, नंतर 45. दर वर्षीचा फरक मांडा: 45, 30, 25, 15, 5. बेरीज 120 टक्के. म्हणजे सूट धरण्याआधीचा एका वर्षाचा जो हप्ता, त्याच्या सव्वापटीच्या जवळपास रक्कम पाच वर्षांत माझ्या खिशातून जाणार. माझा तो हप्ता 20,000 च्या आसपास होता, म्हणजे 24,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी, पण तरीही काम 16,000 चं होतं.

आणि त्या 16,000 पैकी कंपनीने मला प्रामाणिकपणे दिले तरी किती असते? माझी झिरो डेप (डेप्रिसिएशन न कापता पैसे मिळायची जादा सोय) नव्हती, तिसऱ्या वर्षी हप्ता वाचवायला मी ती काढून टाकली होती. त्यामुळे प्लॅस्टिकच्या नव्या भागाची निम्मीच किंमत मिळते, म्हणजे पायरीचे 3,000. मजुरी पूर्ण धरतात, 4,000. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा सामानाचा धरून त्यातला निम्मा कापतात, म्हणजे 5,250. झाले 12,250. त्यातून 1500 सीसीच्या वरच्या गाडीला 2,000 रुपये आपल्याला सोसावेच लागतात, खालच्या गाडीला 1,000. उरले 10,250. साधारण दहा हजार मिळवायला मी चोवीस हजार घालवणार होतो! हा हिशोब पेन घेऊन बसलं तर दहा मिनिटांचा आहे, आणि मी तो केला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ते अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं. पण 2025 मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. एका रात्री वाऱ्याने घरासमोरच्या फणसाची फांदी मोडून गाडीवर पडली. बॉनेट दबलं, पुढची काच गेली आणि डाव्या दारावर फांदीचा बुंधा आपटला. या वेळी क्लेम करणंच योग्य होतं. खर्च मोठा होता आणि सूट आधीच शून्यावर आलेली होती. काचेवर तर डेप्रिसिएशनही लागत नाही. गाडी या वेळी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये लावली.

कंपनीच्या वतीने नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले. शांत, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी बॉनेट पाहिलं, काच पाहिली. मग दारापाशी वाकले, खिशातून एक लहान चुंबक काढून उजव्या दाराला लावलं. टक करून चिकटलं. डाव्या दाराला लावलं, तर ते घसरून चिखलात पडलं. त्यांनी ते उचललं, रुमालाला पुसलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. फांदीने जिथे रंग उडाला होता तिथे त्यांनी नखाने खरवडलं तर आतून पिवळसर पुट्टीची खपली निघाली.

‘काका, रेकॉर्डप्रमाणे हे दार गेल्या वर्षी नवीन बसवलंय. त्याचे पैसे कंपनीने दिलेत. हे तर जुनंच दार आहे.’

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तीस वर्षं आंब्याचा व्यापार करतोय, पेटीत वर मोठा आणि खाली लहान आंबा कधी भरला नाही, आणि माझ्याच दारात उभा राहून एक परका माणूस मला खोटारडा समजत होता. त्यांची काही चूक नव्हती. फॉर्मवर सही माझीच होती.

बॉनेट आणि काच मंजूर झाली. दाराचे पैसे कापले, आणि कंपनीचं खुलासा मागणारं पत्र आलं.

मग मी कंपनीला लेखी अर्ज करून 2024 च्या क्लेमचे सगळे कागद मागितले: क्लेम फॉर्म, सर्व्हे रिपोर्ट, फोटो, अंतिम बिल. हे मागायचा आपल्याला हक्क आहे आणि मला ते मिळाले. बिल 78,400 रुपयांचं. नवीन दार, नवीन मडगार्ड, नवीन हेडलाइट, बंपर, पायरी. सर्व्हेच्या फोटोत दार बिजागरीकडून असं चेमटलं होतं की उघडलंही नसतं. हेडलाइटची काच फुटलेली. मी माझे पावसातले चार फोटो शेजारी ठेवले. तीच गाडी, तीच चिखलाची रेघ, पण पोचा तळहाताएवढा आणि हेडलाइट धडधाकट. गाडी माझ्याकडून गॅरेजला गेली आणि सर्व्हेअर येईपर्यंतच्या दोन दिवसांत कुणीतरी तिच्यावर घण चालवला होता. आम्ही कर्ज फेडतोय त्या गाडीवर! हे लिहितानाही हात थरथरतो.

फॉर्मवरची हकीकत वाचून तर मान खाली गेली. ‘डांबरी रस्त्यावर समोर गुरे आल्याने गाडी डावीकडे घेतली व विजेच्या खांबाला घासली.’ खाली माझी सही. जाब विचारायला गेलो तेव्हा तो मुलगा म्हणाला, ‘काका, पाणंदीत लागलं असं लिहिलं तर ऑफ-रोड धरून क्लेम नाकारतात, म्हणून तुमच्या भल्यासाठीच लिहिलं.’

फोर बाय फोर गाडी असणाऱ्या प्रत्येकाने हे नीट समजून घ्या, कारण याच भीतीवर हा धंदा चालतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी, गाडीची क्षमता अजमावायच्या स्पर्धा वगळलेल्या असतात. दारू पिऊन किंवा लायसन्स नसताना चालवलं तरी क्लेम जातो. पण आपल्या बागेत जायच्या कच्च्या वाटेवर गाडी घासली, एवढ्यावरून क्लेम नाकारावा असं माझ्या पॉलिसीत कुठेही नाही. डांबर असलंच पाहिजे अशी अट नाही. वाट कच्ची होती एवढं खरं लिहिल्याने क्लेम गेला नसता. गाडीत खताच्या गोण्या होत्या हा मात्र वेगळा प्रश्न, कारण खासगी गाडीच्या पॉलिसीत मालवाहतूकही वगळलेली असते. गाडीची वाजवी काळजी घेण्याची अट मात्र असते. म्हणून भरतीच्या वेळी पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) गाडी घालणाऱ्यांनी माझ्या उदाहरणावर विसंबू नये. खारं पाणी इंजिनात गेलं तर ते नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्याला इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं. गंज तर कुठल्याच पॉलिसीत येत नाही.

आणि आपल्याकडे गंजच खरा वैरी. तळेऱ्याच्या टिनकरने ग्राइंडर लावून ती पुट्टी काढली तेव्हा मी समोर उभा होतो. काही जागी दोन रुपयांची नाणी एकावर एक ठेवावीत एवढा थर. आत पोचा ठोकून बाहेर काढायची तसदीही घेतली नव्हती, खड्डा तसाच बुजवला होता. खाली प्रायमर नव्हता. दहा महिन्यांच्या खाऱ्या हवेत पत्रा तपकिरी पडला होता आणि खालच्या कडेला सुईच्या अग्राएवढी भोकं. टिनकर म्हणाला, ‘भाऊ, माका सोळा हजार दिले असतास तर ह्या दार अजून धा वर्सा गेला असता.’ आता दार खरोखरच बदलावं लागलं, आणि ते पैसे माझे गेले.

कंपनीला मी खरं काय घडलं ते लिहून दिलं, बंपरच्या जुन्या चिरेसकट. माझे फोटो, त्यांच्या तारखा आणि टिनकरने पुट्टी काढतानाचा व्हिडिओ जोडला. गॅरेजच्या मालकाने सगळं त्या मुलावर ढकललं, तो नोकरी सोडून गेला म्हणाला. 9,500 रुपये दोन हप्त्यांत परत केले, पण लेखी काही द्यायला तयार नाही. त्याच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. कुणाची तक्रार विमा कंपनीबद्दलच असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर नोंदवा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहे. तिथे पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत क्लेममधून गाडीचं अंगकाम करून घेतलंय त्यांनी आजच एक करा. फ्रीजवरचं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळा, नाहीतर ओरखडे पडतील. आधी जिथे कधी काम झालं नाही त्या पत्र्याला लावून ओढ किती आहे ते पाहा, मग बदललेल्या भागाला लावा. प्लॅस्टिक आणि फायबरच्या भागांना ते चिकटणारच नाही, तिथे घाबरू नका. पण पत्र्याच्या दारावरून ते घसरलं तर गॅरेजला फोन करण्याआधी कंपनीकडून बिल आणि सर्व्हेचे फोटो लेखी मागून घ्या. गॅरेजवाल्याला आधी कळलं तर जुनं दार ‘चुकून राहिलं होतं’ म्हणून तो रातोरात बदलून देईल आणि तुमच्या हातात पुरावा उरणार नाही. माझ्या शेजारच्या होमस्टेवाल्याच्या बाबतीत तसंच झालं.